पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण : मुलाची गिटार केव्हा मोठी करावी?

खानदेशातील व्यापारी घरांत एक पिढी अशी होऊन गेली की जिला पावकी, निमकी आणि पाऊणकी मुखोद्गत होती. पेढीवर बसलेल्या आजोबांना ‘सात पाऊण किती?’ असे विचारावे आणि प्रश्न संपायच्या आत ‘सव्वापाच’ हे उत्तर यावे, अशी ती तयारी. आज त्याच घरांतील नातवंडांच्या हाती गिटार आली आहे आणि योगायोग असा की गिटारचीही मापे पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशीच आहेत. मात्र पाऊणकी तोंडपाठ असणाऱ्याचाही हिशेब येथे हमखास चुकतो. कारण ‘पाऊण’ म्हणवणारी गिटार मोठ्या गिटारच्या पाऊणपट नसते आणि वय वाढले म्हणजे माप वाढवावे, हा नियमही येथे सरळ लागू पडत नाही.

उन्हाळी सुट्टी लागली की जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत छंदवर्गांची चौकशी सुरू होते. आठ वर्षांचा मुलगा गिटार शिकायची म्हणतो. घरात आनंद होतो आणि खरेदीचा विषय निघताच थोरल्यांचा व्यवहारी सल्ला पुढे येतो : ‘घ्यायचीच आहे तर मोठी घ्या. मूल वाढते आहे. दोन वर्षांनी पुन्हा कशाला खर्च?’ हा सल्ला देणाऱ्याने आयुष्यभर मुलांचे कपडे वाढत्या अंगाचेच घेतलेले असतात आणि त्यात त्याला कधी तोटा झालेला नसतो. मग घरात ४१ इंची गिटार येते. ४१ इंच म्हणजे सुमारे १०४ सेंटिमीटर. ती ज्याच्या मांडीवर बसवायची, त्या मुलाची उंची सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास. पहिले पंधरा दिवस उत्साहाचे जातात. पुढे बोटे दुखतात, खांदा अवघडतो, वर्गातील सोबती पुढे जातात. दिवाळीपर्यंत गिटार माळ्यावर जाते आणि घरात एक वाक्य रूढ होते : ‘त्याला संगीताची आवडच नाही.’

अशा घरांत पैसे वाया गेल्याची हळहळ पुष्कळ होते. खरे नुकसान त्या शेवटच्या वाक्याने झालेले असते. मुलाला आवड होती; त्याच्या हाताला बसणारे वाद्य नव्हते. सदरा सैल असला तरी अंगावर राहतो, बाह्या दुमडता येतात. गिटारला दुमडायला बाही नसते.

नावात पाव, मापात पाऊण

गिटारचे माप समजून घ्यायचे तर एकूण लांबीपेक्षा तारेची लांबी पाहावी. दांडीच्या वरच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते तिला नट म्हणतात, आणि खाली बॉडीवर तारा जिच्यावरून जातात ती सॅडल. या दोहोंमधील तार प्रत्यक्ष वाजते. पूर्ण मापाच्या क्लासिकल गिटारमध्ये ही लांबी ६५० मिलिमीटर मानली जाते. एकोणिसाव्या शतकात अँटोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराने गिटारला जी घडण दिली, तीत हे माप स्थिरावले आणि आजही जगभर तेच चालते. स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटारही सर्वसाधारणपणे याच सुमाराची, म्हणजे ६३० ते ६५० मिलिमीटरची असते.

आता लहान मापे पाहावीत. पाऊण गिटारमध्ये ही तार सुमारे ५८० मिलिमीटर असते, अर्धीत सुमारे ५३० आणि पावमध्ये सुमारे ४८०. कंपनीगणिक थोडाफार फरक पडतो. भागाकार करून पाहिला तर पाऊण म्हणवणारी गिटार ६५०च्या मानाने ८९ टक्के भरते, अर्धी ८१–८२ टक्के आणि पाव ७४ टक्के! म्हणजे नावाने जी पाव, ती मापाने जवळजवळ पाऊण आहे. ही नावे परंपरेने चालत आलेली आहेत, त्रैराशिकाने आलेली नाहीत.

दुकानात मात्र बहुतेक वेळा इंचांची भाषा चालते. ३०, ३४, ३६, ३८, ३९, ४०, ४१ हे आकडे गिटारच्या डोक्यापासून बुडापर्यंतच्या एकूण लांबीचे असतात. ढोबळमानाने ३० इंची ती पाव, ३४ इंची अर्धी, ३६ इंची पाऊण आणि ३९च्या पुढची पूर्ण असे धरतात. घोटाळा होतो तो ३८ इंचीत. नवशिक्यांसाठी म्हणून ती मोठ्या प्रमाणावर विकली जाते. तिची बॉडी लहान असते, पण तारेची लांबी अनेकदा पूर्ण मापाच्या जवळपास असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी ‘मधले माप’ म्हणून घेतलेली गिटार त्याच्या बोटांना पूर्ण मापाचीच ठरू शकते.

यावर उपाय साधा आहे. दुकानात जाताना टेप न्यावी. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजावे. हे पडदे म्हणजे दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्या. वर्गात त्यांना फ्रेट म्हणतात. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून आलेला आकडा दुप्पट केला की तारेची लांबी मिळते. ३२–३२.५ सेंटिमीटर भरले तर पूर्ण, २९ भरले तर पाऊण, २६.५ भरले तर अर्धी, २४ भरले तर पाव. वेष्टनावर काहीही छापलेले असो, टेप खोटे बोलत नाही.

साधारण अंदाज असा :

पाव – वय ४ ते ६, उंची सुमारे ११५ सेंटिमीटरपर्यंत
अर्धी – वय ६ ते ८, उंची सुमारे ११५ ते १३०
पाऊण – वय ८ ते ११, उंची सुमारे १३० ते १४५–१५०
पूर्ण – वय ११–१२च्या पुढे, उंची सुमारे १४५–१५०च्या पुढे

हा तक्ता म्हणजे केवळ पहिला अंदाज. एकाच वर्गातील दहा वर्षांच्या दोन मुलींच्या उंचीत वीतभर फरक असतो आणि उंची सारखी असली तरी पंजा सारखा नसतो. शेवटचा कौल हाताचाच घ्यावा.

सात सेंटिमीटरने एवढे काय बिघडते?

पूर्ण आणि पाऊण यांच्या तारेत फरक सात सेंटिमीटरचा. एवढ्याने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. पण पडद्यांची अंतरे तारेच्या लांबीवर ठरतात. पूर्ण मापाच्या गिटारवर नटपासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर १३४ मिलिमीटर असते. पाऊणवर १२०, अर्धीवर १०९ आणि पाववर ९९. नवशिक्याचे पहिल्या वर्षाचे बहुतेक काम याच चार घरांत चालते. आठ वर्षांच्या पंजाला १३४ मिलिमीटरची ताण घेणे म्हणजे मोठ्या माणसाला नेहमीपेक्षा अधिक घरे ताणायला लावण्यासारखे आहे. मग मूल नकळत पळवाट काढते. मनगट आत मुडपते, अंगठा दांडीवरून वर येतो, करंगळी कामच करीनाशी होते. या सवयी हाताला जडल्या की पुढे योग्य मापाची गिटार मिळूनही सहज सुटत नाहीत.

दुसरा फरक ताणाचा. एकच तार त्याच स्वरात लावली, तर तिच्यातील ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५८०वरून ६५०वर जाताना हा ताण सुमारे एक चतुर्थांशाने वाढतो. म्हणजे मोठ्या गिटारवर एकाच वेळी बोटे अधिक फाकवावी लागतात आणि तारही अधिक जोराने दाबावी लागते.

तिसरी गोष्ट बॉडीची. उजव्या हाताची कोपराजवळची बाजू गिटारच्या काठावर विसावून मनगट तारांवर सैल पडले पाहिजे. बॉडी फार रुंद आणि खोल असेल तर खांदा कानाकडे चढतो, मान पुढे येते आणि मूल बोटे पाहण्यासाठी गिटार आपल्याकडे आडवी कलंडवून धरते. वीस मिनिटांत पाठ भरून येते आणि सरावाची वेळ टाळण्याकडे मन झुकते.

याच्या उलट चूकही होते. गिटार चांगली चालली आहे, मूल छान वाजवते, मग बदलायची कशाला, म्हणून तेरा वर्षांचा मुलगा अर्ध्या गिटारवर वाजवीत राहतो. त्याची बोटे आता जाड झालेली असतात. ‘ए’ कॉर्डमध्ये तीन बोटे एकाच घरात शेजारी बसवावी लागतात. ती एकमेकांवर चढतात आणि शेजारची तार मुकी होते. उजवा हात फार दुमडतो. लहान बॉडीचा खर्ज मुळातच दुबळा. चार जणांत वाजवताना त्याचा आवाज हरवतो. त्यालाही वाटू लागते की आपल्याला जमत नाही. दोष याही वेळी वाद्याच्या मापाचाच असतो.

वेळ झाली, हे कसे ओळखावे?

शिक्षक आणि पालक यांनी मिळून काही खुणा पाहाव्यात. घाई नको, दोन-तीन खुणा एकत्र दिसू लागल्या की विचार सुरू करावा.

सध्याच्या गिटारवर बोटांची गर्दी होते का, ही पहिली खूण. पूर्वी स्वच्छ वाजणारी ‘ए’ किंवा ‘डी’ कॉर्ड सराव चालू असूनही आता खरखरत असेल, तर बोटे वाढली आहेत असे समजावे.

दुसरी खूण बसण्यातील. पाठ ताठ, दोन्ही खांदे सारख्या उंचीवर आणि डावा पाय पाटावर ठेवून मूल गिटार घेऊन बसले असता, गिटार छातीवर इवलीशी दिसते का? डावा कोपर बरगड्यांना चिकटतो का? तसे असेल तर वाद्य लहान पडते आहे.

तिसरी खूण आवाजाची. मूल स्वतःच ‘माझ्या गिटारचा आवाज वर्गातल्यासारखा येत नाही’ अशी तक्रार करते. ही तक्रार हट्ट म्हणून उडवून लावू नये. कान तयार झाल्याची ती खूण असू शकते.

यानंतर मोठ्या मापाची गिटार हातात देऊन पाहावे. वर्गातील एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याची किंवा शिक्षकांची चालेल. पहिला प्रयोग ‘सी’ कॉर्डचा. तीत पहिले, दुसरे आणि तिसरे अशी तीन घरे तीन बोटांनी एकदम धरावी लागतात. मनगट न मुडपता, अनामिका तिसऱ्या पडद्याच्या अगदी मागे पोचते का आणि प्रत्येक तार स्वतंत्र वाजते का, ते पाहावे. दुसरा प्रयोग पहिल्या घराचा. डावा हात नटजवळ नेला असता कोपर पूर्ण सरळ होता कामा नये. त्यात वाक राहिला पाहिजे. तिसरा प्रयोग वेळेचा. दहा मिनिटे सलग वाजवू द्यावे आणि खांद्याकडे पाहावे. पहिल्या मिनिटाला सगळेच नीट बसतात. खांदा चढतो तो आठव्या मिनिटाला.

आणखी एक प्रयोग गणिताला धरून आहे आणि फुकट होतो. कॅपो ही दांडीवर लावायची चाप बहुतेक वर्गांत असते. पूर्ण मापाच्या गिटारवर ती दुसऱ्या पडद्याला लावली, की उरलेली वाजती तार ५७९ मिलिमीटरची होते, म्हणजे बरोबर पाऊण गिटारएवढी. आता मुलाला पुढची अंतरे ओळखीची लागतात, फक्त बॉडी मोठी असते. अशा स्थितीत ते आरामात बसून वाजवू शकले, तर बॉडीचा प्रश्न नाही, केवळ बोटांच्या ताणीचा आहे. तो काही महिन्यांत सुटेल. कॅपो लावूनही खांदा चढत असेल, तर अंगालाच अजून अवकाश आहे. पहिल्या परिस्थितीत पूर्ण गिटार घेऊन काही आठवडे कॅपो दुसऱ्या घरात, मग पहिल्या घरात आणि शेवटी काढून, असा जिना चढता येतो. दुसऱ्या परिस्थितीत सहा महिने थांबणे शहाणपणाचे.

दुखते ते मापामुळे की तारांमुळे?

माप बदलण्यापूर्वी एक शंका अवश्य दूर करून घ्यावी. पुष्कळदा गिटार योग्य मापाची असूनही तारा दांडीपासून फार उंच असतात. त्या दाबताना मोठ्या माणसाच्याही बोटांना घट्टे पडतात. बाराव्या पडद्यावर स्टीलच्या तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि नायलॉनच्या तारेची तीन ते चार मिलिमीटर असावी. त्याहून बरीच जास्त असेल, तर वाद्य-दुरुस्ती जाणणाऱ्याकडून सॅडल घासून घ्यावी. नव्या गिटारच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ असतो आणि अनेक ‘मोठ्या पडणाऱ्या’ गिटारी त्याने एकदम सोप्या होतात.

तारांचा प्रकारही पाहावा. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण पूर्ण मापाच्या गिटारवर सुमारे ४० किलोग्रॅम असतो. स्टीलच्या हलक्या संचाचाही ७० किलोग्रॅमच्या वर जातो. म्हणून लहान मुलाची सुरुवात नायलॉनवर करणे हिताचे. आणि सर्वांत महत्त्वाचे : माप आणि तारांचा प्रकार हे दोन्ही एकाच वेळी बदलू नयेत. अर्ध्या नायलॉनवरून एकदम पूर्ण स्टीलवर उडी मारणाऱ्या मुलांची बोटे पहिल्याच आठवड्यात हार मानतात. आधी नायलॉनवरच माप वाढवावे, हात रुळला की मग हवे तर स्टीलकडे वळावे.

बदल झाल्यावर पहिले तीन-चार आठवडे प्रगती मागे गेल्यासारखी वाटते. ओळखीच्या गाण्यात बोटे चुकीच्या जागी पडतात. या काळात नवे काही न शिकवता जुनेच धडे सावकाश वाजवून घ्यावेत आणि घरच्यांनी ‘एवढी महाग गिटार घेतली आणि तरी…’ हे वाक्य उच्चारू नये. वर्गाची परीक्षा किंवा स्नेहसंमेलन महिनाभरावर आले असेल, तर बदल त्यानंतरच करावा.

मिरजेची शिकवण

अंगाप्रमाणे वाद्य घडवण्याची रीत आपल्याला नवी नाही. मिरजेची तंतुवाद्ये देशभर नावाजलेली आहेत. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील कारागीर पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा तंबोरा करतात, स्त्रियांच्या उंच पट्टीसाठी लहान, आणि प्रवासात नेण्याजोगी इवली तंबोरीही करतात. तंबोरी घेणाऱ्याला कोणी ‘कमी दर्जाची घेतली’ असे म्हणत नाही. गळ्याला आणि गरजेला जे शोभते ते घ्यावे, एवढाच तो विचार असतो. हीच दृष्टी गिटारच्या बाबतीत ठेवली, तर ‘छोटी गिटार म्हणजे खेळणे’ हा गैरसमज उरणार नाही.

जगाच्या रंगमंचावरही याचा दाखला आहे. लाखोंच्या गर्दीपुढे गाणारा इंग्लंडचा एड शीरन हा गायक अनेक वर्षे मार्टिन कंपनीची छोट्या मापाची गिटार घेऊन उभा राहत असे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पुण्यात कार्यक्रम झाला. लहान गिटार हा त्याचा नाइलाज नव्हे, निवड आहे. यात घरातील मोठ्यांसाठीही एक सूचना दडलेली आहे. चाळिशीत गिटार शिकू पाहणाऱ्या गृहिणीचा पंजा लहान असेल, तर तिने पूर्ण मापाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. ५८० ते ६२० मिलिमीटर तारेची चांगली गिटार तिला जन्मभर पुरेल. वर चढत जाणे हे वाढत्या अंगासाठी आहे; वाढ पूर्ण झालेल्याने आपले माप शोधावे आणि तेथेच स्थिर व्हावे.

‘गिटार परकी, मुलाला आपले संगीत कधी कळणार?’ असा प्रश्नही काही घरांत निघतो. जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून तीवर राग वाजवले. शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीने त्यांची गिटार असलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची ध्वनिमुद्रिका आजही आवडीने ऐकली जाते. त्या पद्धतीत तारेवर धातूचा तुकडा सरकवतात, बोटांनी घरे धरावी लागत नाहीत. त्यामुळे तेथे पंजाच्या ताणीचा प्रश्नच येत नाही. मुलाचा ओढा रागसंगीताकडे असेल तर हा मार्गही आहे.

दोन खरेद्यांचा हिशेब

‘दोनदा खर्च’ ही थोरल्यांची हरकत मात्र बाजूला सारण्याजोगी नाही. तिचे उत्तर हिशेबानेच द्यावे. चार ते बारा या वयात मापे चार असली, तरी प्रत्येक मुलाला चारही घ्यावी लागत नाहीत. सात वर्षांच्या पुढे सुरुवात करणाऱ्याला बहुधा दोनच लागतात : अर्धी किंवा पाऊण, आणि मग पूर्ण. दोन मापांच्या सीमेवर असलेल्या मुलाला आज बसणारे लहान माप द्यावे; वर्षभरात ते वाढेल या आशेवर मोठे देऊ नये.

लहान गिटार मुळात थोड्या काळासाठी लागते, म्हणून ती फार झिजत नाही. एकत्र कुटुंबात थोरल्याची धाकटीकडे आणि चुलतभावाची आतेबहिणीकडे जाते. जळगावातील एका घरात निरुपयोगी झालेली पाऊण गिटार धुळ्यातील नातलगांकडे पुढची तीन वर्षे वाजू शकते. मध्ये अंतर आहे ते दोन तासांचे. एखाद्या मंडळाने किंवा वर्गाने अशी चार-पाच लहान वाद्ये गोळा करून आळीपाळीने वापरायला दिली, तर कोणावरच भार पडत नाही. वापरात नसलेली वस्तू साठवून न ठेवता गरजवंताकडे जावी, हा संस्कार तर जैन घरांत वेगळा सांगावा लागत नाही.

खर्चाचा क्रमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. लहान माप साधे पण नीट स्वरात राहणारे घ्यावे. पूर्ण माप घेताना हात सैल सोडावा, कारण ते पुढे दहा-पंधरा वर्षे साथ देणार असते. ते शक्यतो प्रत्यक्ष हाताळून घ्यावे. सुरत, नाशिक, पुणे ही गावे खानदेशातील व्यापाऱ्याला दूर नाहीत. मुंबईला मालाच्या खरेदीसाठी जाणे होतेच, आणि तेथे धोबी तलावाच्या भागात १८६५ पासूनच्या फुर्टाडोजसारखी वाद्यांची जुनी दुकाने आहेत. मात्र मुलाला बरोबर न्यावे. वडिलांच्या हाताच्या अंदाजाने घेतलेली गिटार वडिलांनाच बसते.

मोठी गिटार घेताना एक चौकशी

स्वस्त, लहान गिटारीत नट आणि सॅडल प्लॅस्टिकच्या असतात. किंमत वाढली की काही गिटारींत त्या जागी हाड वापरलेले असते आणि जाहिरातीत तो गुण म्हणून सांगितला जातो. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घराने पूर्ण मापाची चांगली गिटार घेताना हे आधीच विचारावे. कृत्रिम द्रव्याच्या उत्तम नट आणि सॅडल मिळतात. बदलूनही घेता येतात आणि स्वरात उणेपणा येत नाही. दांडीवरील चमकत्या ठिपक्यांत कधी खरा शिंपला असतो, कधी त्यासारखे दिसणारे प्लॅस्टिक. हाताने घडवलेल्या काही महागड्या क्लासिकल गिटारींना लाखेचे पॉलिश असते. खांद्याचा पट्टा चामड्याऐवजी कापडी घेता येतो. तारांची मात्र चिंता नको. एके काळी त्या जनावरांच्या आतड्यांपासून करीत. गेल्या शतकाच्या चाळिशीत नायलॉन आले आणि आज सर्वसामान्य गिटारीत नायलॉन आणि धातूच असतात.

खानदेशचा उन्हाळा आणि पुढची पिढी

धाकट्याला द्यायची गिटार नीट राहिली तरच हा सारा हिशेब जमतो. जळगाव–भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आक्रसते, पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांना टोचू लागतात, वरच्या फळीला चीर जाते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर सांधेही सुटू शकतात. गिटार कव्हरात घालून आतल्या, थंड खोलीत ठेवावी; थेट कुलरच्या ओल्या झोतातही ठेवू नये. उन्हात न्यायची वेळ आलीच तर सकाळी किंवा दिवे लागणीला न्यावी. महिनोन्‌महिने वापर नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात. आणि माळा ही पत्र्याखालची, घरातील सर्वांत तापणारी जागा. गिटारसाठी ती सर्वांत वाईट.

त्या माळ्यावर गेलेल्या ४१ इंची गिटारचे काय, हा प्रश्न उरतोच. ती वाया गेलेली नाही; ती लवकर आली, एवढेच. ती खाली उतरवावी, पुसावी, घरातील थंड कोपऱ्यात ठेवावी. मुलासाठी नातलगांकडून किंवा बाजारातून पाऊण गिटार आणावी आणि ‘तुला आवड नाही’ हे वाक्य सर्वांदेखत मागे घ्यावे. ते मागे घेण्याचा मान, ‘मोठीच घ्या’ म्हणणाऱ्या दादाजींनी घेतला तर अधिक चांगले. पुढे दर सहा महिन्यांनी, दारावर उंचीची रेघ मारतात त्याच दिवशी, मोठी गिटार दहा मिनिटे मुलाच्या हाती द्यावी. दुसऱ्या घरात कॅपो लावून एकदा, काढून एकदा. ज्या दिवशी खांदा चढणार नाही आणि ‘सी’ कॉर्डची प्रत्येक तार स्वच्छ वाजेल, त्या दिवशी पाऊण गिटार धाकटीच्या स्वाधीन करावी.